घोडीची दोरी

शिमगा गेला, पाडवा गेला, तरी मैना बाळंत झाली नाही.

पळसदरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी तिचं माहेर. पहिली खेप म्हणून माघातच तिला आणून ठेवली होती. आईबाप दोघंही नव्हते. घर थोरल्या भावाचं, कोंडाजीचं. आणि खरं म्हणजे त्याच्या बायकोचं, अंबाबाईचं. हलिमा सुईण आली, पोटावरून हात फिरवून म्हणाली, "होळीच्या पुढंमागं मोकळी होशील. फार तर पाडवा." ते गावभर झालं. होळी पेटली, विझली, राख उडून गेली, आणि मग जो भेटेल तो एकच विचारू लागला.

"काय गं मैना, अजून नाय?"

पहिल्यांदा ती हसून मान हलवायची. मग नुसती मान हलवायची. मग एकदा पाणवठ्यावर शेजारची जना तेच विचारत पुढं आली, तेव्हा मैनेनं डोईवरचा हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "झालं की. टोपलीखाली झाकून ठेवलंय. कर्जतच्या बाजारला न्यायचंय इकायला. तुला पायजे का?"

त्या दिवसापासून बायका तिच्या तोंडावर विचारायच्या थांबल्या आणि पाठीमागं बोलायला लागल्या. मैनेला ते ऐकू यायचं. चैत्रातलं ऊन, अंग सगळं सुजलेलं, पायात जोडवी रुतलेली. झोपावं तर या कुशीवर जमेना, त्या कुशीवर जमेना. बसलं तर उठवेना. हलिमानं सांगितलं ते सगळं तिनं केलं होतं. एरंडेल प्यायली, जात्यावर बसली, ओढ्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत सकाळ-संध्याकाळ चालली. कुत्री भुंकायची आणि बायका दारातून बघायच्या. कशाचाही उपयोग झाला नाही.

एक गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती. माघात पोटातलं मूल लाथा मारून तिला जागं करायचं. आता ते दिवसाकाठी कधीतरी नुसतं सरकल्यासारखं करायचं. ती पोटावर तळवा दाबून बसून राहायची. हललं, की तिला हायसं वाटायचं, आणि लगेच त्याचा रागही यायचा. "येत का नाय तू?" ती दातओठ खाऊन पुटपुटायची. "काय वाईट केलंय मी तुजं?"

अंबाबाईला हे ओझं नको होतं. तिची स्वतःची तीन पोरं, दोन म्हशी. नणंद कामाला लागेना, आणि तिच्यासाठी ताटात तूप वाढायचं. "माज्या तिन्ही येळेला शेतातनं आले नि बाळंत झाले," ती भांडी आपटत म्हणायची. "हितं महाराणीला मुहूर्त गावंना."

"तुजी पोरं घाईची," मैना आतून म्हणायची. "दिसतंच की त्यांच्याकडं बगून."

असं रोज चाललेलं. कोंडाजी दोघींच्या मधे पडायचा नाही. तो भाकरी खाऊन रानात जायचा.

मैनेचं सासर नेरळच्या बाजूला, माथेरानच्या पायथ्याशी. घरी चार घोड्या. हवा खायला येणारे साहेब आणि पारशी लोक त्या भाड्यानं घेऊन डोंगर चढायचे. मैनेचा नवरा धाकलू सगळा उन्हाळा घोड्यांबरोबर वरच असायचा. सासरा नव्हता. घर, घोड्या आणि धाकलू, तिन्ही सासूच्या, जयवंताबाईच्या हातात.

पाडव्यानंतर ही जयवंताबाई आली. नात्यातल्या नागूला बरोबर घेतलेलं, त्याच्या हातात तांबड्या घोडीचा लगाम, घोडीच्या पाठीवर बाळंतविड्याचं गाठोडं. खोबरं, डिंक, अळीव, खारका, सुनेला लुगडं, पोराला कुंची. नातवाचं तोंड बघायला म्हणून ती आली होती. अंगणात पाय ठेवला तर सून दारात उभी, पोट तसंच. जयवंताबाईनं सुनेच्या तोंडाकडं बघितलंच नाही. पोटाकडं बघत म्हणाली,

"हे काय?"

"काय म्हंजे? पोट हाय," मैना म्हणाली.

"ते मलाबी दिसतंय. अजून कसं हाय, ते इचारते."

ती ओट्यावर टेकली आणि बोटांवर महिने मोजायला लागली. आवाज मुद्दाम मोठा, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल असा. "नव्या नवरीनं आखाडात माहेरी जावं, तशी जेठ सरता तू माज्या घरातनं निघालीस. सगळा आखाड हितं काढलास. नागपंचमी करून परत आलीस. जेठाचं पोर असतं तर शिमग्याला पाळण्यात असतं. आता जे येईल, ते आखाडाचं. आणि आखाडात माजा धाकलू हिकडं फिरकला पन नवता."

कुंपणापलीकडं जना उभी होती, ती तशीच उभी राहिली.

मैनेला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा कानशिलं तापली. ती पुढं होणार, तोच आतून अंबाबाई आली. हाताला पीठ, पदर खोचलेला.

"इहीणबाई, जीभ आवरा. हे माजं घर हाय."

"म्हनून तर इचारते. तुज्याच घरात काय झालं ते."

"माज्या घरात काय झालं ते मी सांगते, ऐका. आखाडभर ही हितं होती. एक दिस बाहेर बसली नाय. मी म्हनायचे, चार दिस तरी ही बाजूला बसंल तर माज्या चुलीजवळची कटकट जाईल. पन नाय बसली. येतानाच दिवस घेऊन आली होती ती. तुमच्या घरातनं."

"घरची साक्ष," जयवंताबाई म्हणाली. "तू दुसरं काय सांगनार?"

"घरची? इचारा गावात, मला ही किती गोड लागते ते!" अंबाबाईचा आवाज चढला. "हिच्यासाठी मी खोटं बोलंन? मला हिचं तोंड बगवत नाय. पन माज्या घराला नाव ठेवलंत तर मी ऐकून घेनार नाय. तुमच्या दारात चार घोड्या. गरवार बाईनं घोडीची दोरी वलांडली की तिचं पोट घोडीवानी लांबतं, हे शेंबड्या पोराला ठावं हाय. घोडी अकरा म्हयने वागवते. तुमीच सांभाळली नाय सून. तुमच्याच दोरीवरनं गेली ती. आता दोष आमाला?"

हे जयवंताबाईला सुचलं नव्हतं. पण तिनं लुगड्याचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं. मी हितंच बसते. काय येतंय, कवा येतंय, बगून जाते."

आणि ती खरोखरच बसली. ओट्याच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, जना देईल ती लाकडं घेतली आणि स्वतःचे तांदूळ स्वतः शिजवू लागली. अंबाबाईच्या घरचं पाणीसुद्धा घेईना. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, विहीण बाहेर का जेवते? जयवंताबाई म्हणायची, "आतलं अन्न पचायचं नाय मला." बाळंतविड्याचं गाठोडं तिनं उशाला घेतलं होतं. त्याची गाठ तिनं सोडली नाही. नागूनं घोडी जांभळीला बांधली आणि सावलीत पडून राहिला.

मैनेला घरातून बाहेर पडायचं तर त्या चुलीवरून जावं लागे. दोघी एकमेकींकडं बघत. कोणी डोळे खाली घालत नसे.

"आत्याबाई," एक दिवस मैना म्हणाली, "तुमच्या लेकाला इचारलंत?"

"त्याला काय इचारायचं? त्याला बोटं मोजता येत नाय."

"त्याला आना हितं. माज्या तोंडावर म्हनू दे."

"तो धंदा सोडून येनार नाय. तुज्यासाठी तर नाय."

गावानं दोन तट केले. काही म्हणाले दोरी, काही म्हणाले आखाड. मैना चालत गेली की दोन्ही तट गप्प होत. हलिमाला विचारलं तेव्हा तिनं हात वर केले. "आमच्यातबी म्हनतात तसं घोडीचं. खरं-खोटं अल्ला जाने. मी इतकी पोरं काढली, काही लवकर आली, काही उशिरा. माजाच हिशोब चुकला असंल." पण हलिमाचा हिशोब चुकला असेल, या बोलण्यात कोणाला गंमत नव्हती. ते कोणी धरून ठेवलं नाही.

मारुतीचा जन्म झाला, सुंठवडा वाटला, पालखी फिरली, तरी मैना तशीच. दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंताबाईनं सगळ्यांसमोर निकाल मांडला. दोरी ओलांडली असेल तर त्याला उतारा आहे. गरवार बाईनं ओटीतले हरभरे घोडीला चारायचे. घोडीनं खाल्ले, तर तिनं आपलं ओझं परत घेतलं. मग बाई मोकळी.

"आणि नाय खाल्ले तर?" कोंडाजीनं विचारलं.

"तर दोरी नवती," जयवंताबाई म्हणाली. "मग जे होतं, ते होतं."

"मी नाय करनार," मैना म्हणाली.

"का? भ्या वाटतं?"

त्या एका शब्दानं मैना उठली. अंबाबाईनं भिजवलेले हरभरे तिच्या ओटीत घातले. घालताना ती मैनेच्या कानाशी दबक्या आवाजात म्हणाली, "नीट चार. माजं नाक कापू नको." जांभळीभोवती माणसं जमली होती. मैना पाय फाकवत, कमरेवर हात ठेवून तिथवर गेली. ओटी पुढं केली.

घोडीनं मान खाली घातली. वास घेतला. नाकपुड्यांच्या वाफेनं मैनेचा हात ओला झाला. मग तिनं कान मागं टाकले, तोंड फिरवलं आणि शेपटीनं माशा वारत उभी राहिली. मैनेनं ओटी पुन्हा तिच्या तोंडाशी नेली. घोडीनं डोकं असं झटकलं, की मैना मागं झोकांडली.

"बगितलंत?" जयवंताबाई म्हणाली. मोठ्यानं नाही. आता मोठ्यानं बोलायची गरज नव्हती.

कोणी हसलं. मैनेनं कोण ते बघितलं नाही. तिला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. ती तिथंच, घोडीच्या पुढ्यात, धुळीत बसली आणि ओटीतले हरभरे मूठमूठ तोंडात भरू लागली. कचाकचा चावत होती आणि सासूकडं बघत होती.

"घोडीला भूक नाय," तोंडातला घास न गिळता ती म्हणाली. "मला हाय. रातीपास्नं मला कोनी जेवायला इचारलं नाय."

सगळे हरभरे संपेपर्यंत ती उठली नाही. माणसं एकेक करून निघून गेली.

घरात आली तर कोंडाजी मधल्या दारात उभा. त्यानं खाली बघत विचारलं, "मैना, मी तुजा भाव हाय. काय असंल ते खरं सांग. मी निस्तरीन."

जयवंताबाईच्या सगळ्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते या एका वाक्यानं झालं. मैना खचली. तिनं भिंतीला हात लावला.

"दादा, तू इचारलंस?" ती म्हणाली. "बोलनाऱ्याला मी वळखते. तुला नवतं वळखलं."

"अगं, मी फकस्त..."

"तुमी गप बसा," अंबाबाई नवऱ्यावर कडाडली. "आखाडात तुमी भातलावनीला दिसभर चिखलात. घरात कोन होतं? मी. ही माज्या डोळ्यांम्होरनं हालली नाय. हालली असती तर मीच आधी बोंबलले असते! जा, बैल सोडा."

कोंडाजी गेला. अंबाबाईनं मैनेकडं बघितलंही नाही, चुलीकडं वळली. मैना मागच्या पडवीत गेली आणि उखळात भात ओतून मुसळ उचललं. भर दुपारी ती कांडत राहिली. प्रत्येक घावाला तोंडातून एकेक नाव येत होतं. सासूचं, नवऱ्याचं, जनाचं, भावाचं. अंबाबाईनं एकदा येऊन मुसळ हिसकायला हात घातला, तर मैनेनं तिला कोपरानं ढकललं. ओट्यावर जयवंताबाईला ते घाव ऐकू येत होते. तिनं नागूला उठवलं. "जा, घोडी घे आणि धाकल्याला खाली आन. म्हनावं, बायको नायतर पोर, दोनातलं एक काय तरी जायची पाळी हाय."

पहाटे कळा सुरू झाल्या.

हलिमा आली, तिनं अंबाबाईला पाणी तापवायला लावलं आणि खिडकीला गोणपाट टांगलं. सकाळ गेली, दुपार झाली. मैनेनं आढ्याला बांधलेलं दोरखंड धरून इतकं ओढलं की आढ्याची माती डोळ्यांत पडली. पाणमोट फुटली तेव्हा हलिमाचा चेहरा बदलला. पाणी हिरवट, गढूळ होतं. अंबाबाईनं तो बघितला आणि हातातलं तांब्याचं भांडं खाली ठेवलं.

"जोर लाव," ती मैनेच्या खांद्यावर हात दाबून ओरडली. "लाव म्हनते ना! त्या बाहेरच्या बयेला दाखव. मरायचं नाय हितं माज्या घरात, सांगून ठेवते!"

"मरत नाय मी," मैना दातांतून म्हणाली. "तुज्या घरात तर नायच."

उन्हं उतरताना मूल बाहेर आलं. मुलगी होती. रडली नाही. लोळागोळा, रंगानं काळपट. हलिमानं बोटानं तिच्या तोंडातली घाण काढली, पाय धरून उलटी केली, पाठीवर थापट्या मारल्या, तळव्यांना चोळलं, पुन्हा थापट्या मारल्या. मैना मान उचलून बघत होती. एवढे दिवस तिला प्रत्येकाचा राग होता. त्या क्षणी तिच्याजवळ रागसुद्धा उरला नाही.

मग मांजराच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. पुन्हा आला. मग मुलगी चिडल्यासारखी रडायला लागली आणि थांबेचना.

अंबाबाई मटकन खाली बसली. लगेच उठली, दार उघडलं आणि ओट्याकडं ओरडली, "या, बगायचं होतं ना? बगा!"

जयवंताबाई आत आली. दिव्याजवळ हलिमा मुलीला पुसत होती. जयवंताबाई वाकली. नुकत्या जन्मलेल्या पोरांच्या अंगावर असतो तो लोण्यासारखा पांढरा लेप मुलीच्या अंगावर मुळीच नव्हता. हातापायांची कातडी म्हाताऱ्या माणसासारखी सुरकुतलेली, घोट्यांजवळ पापुद्रे सुटलेले. डोक्यावर दाट जावळ. आणि नखं बोटांच्या बाहेर आलेली, इतकी की आपल्याच गालावर तिनं ओरखडा काढला होता.

जयवंताबाई सहा वेळा बाळंत झाली होती. तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती. वेळेवर येणारी पोरं कशी दिसतात आणि फार दिवस आत राहिलेली कशी दिसतात, ते तिला ठाऊक होतं.

"काय म्हंता?" अंबाबाई म्हणाली. "आखाडाचं पोर असं असतं?"

"नखं सगळ्याच पोरांची वाढतात," जयवंताबाई म्हणाली आणि बाहेर गेली.

थोड्या वेळानं तिनं बाळंतविड्याचं गाठोडं उंबऱ्याच्या आत सरकवलं. गाठ सोडलेली होती. मग ती आपल्या चुलीचे तीन दगड उचलून कुंपणापाशी टाकून आली. माफीचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मैनेनंही त्याची वाट बघितली नाही. खोबरं आणि डिंक मात्र तिनं खाल्ला. मुलीला दूध लागणार होतं.

तिसऱ्या दिवशी धाकलू आला. वरून उतरून, उन्हात रापलेला, हातातला चाबूक कुठं ठेवावा ते न कळून तो दारातच घोटाळला. मैनेनं त्याला आत बोलावलं नाही.

"तुमाला कळलं होतं, आई काय बोलते ते?"

"नागू म्हनाला."

"मग?"

"आई मोठी. तिच्या तोंडाला कोन लागनार?"

"मी लागले," मैना म्हणाली. "आता तुमी लागा. तुमची आई ज्या ओट्यावर बसून बोलली, त्याच ओट्यावर उभे राहा आणि तेवढ्याच मोठ्यानं सांगा, ही कोनाची ते. जना ऐकंल, गाव ऐकंल, असं. तंवर मी येत नाय. शेताला बाई पायजे, घोड्यांना गवत पायजे. तुमी काय ते बगा."

जयवंताबाई तिथंच होती. तिनं लेकाकडं बघितलं. धाकलू एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघत राहिला, आणि त्या दिवशी काही न बोलता परत गेला. आईही त्याच्याबरोबर गेली.

वैशाख संपत आला, माथेरानचे पाहुणे उतरले, घोड्या रिकाम्या झाल्या, तेव्हा तो पुन्हा आला. एकटा आला. ओट्यावर चढला, घसा खाकरला, आणि कोणी जमलेलं नसतानाच ओरडला, "माजी हाय! पोर माजी हाय! ज्याला काय इचारायचं त्यानं मला इचारा!" आवाज फाटला होता. जना कुंपणाशी आली. तिला बघून तो आणखी एकदा ओरडला. मग खाली बसला आणि तांब्याभर पाणी प्यायला.

"आत्याबाई?" मैनेनं विचारलं.

"ती नाय म्हननार. मरंल पन म्हननार नाय."

"नको म्हनू दे. पन पोर तिच्या मांडीवर मी देनार नाय."

धाकलूनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते त्यालाही माहीत नसावं.

निघायच्या सकाळी अंबाबाईनं खणा-नारळानं ओटी भरली. तोंड तसंच वाकडं. "पयलं झालं हितं," ती म्हणाली. "दुसरं तिकडंच कर. मला पुन्ना हा ताप नको."

"मला कुठं हाय हौस?" मैना म्हणाली. "तुज्या हातचं तूप, त्यालाबी वास."

"मग खाल्लंस कशाला चार म्हयने?"

"दुसरं कोन देत होतं?"

अंबाबाईनं मुलीला हिसकावून घेतल्यासारखं उचललं, डोक्यावर कुंची घातली आणि हनुवटीखाली बंद इतका करकचून बांधला की मुलगी रडायला लागली. मग ती म्हशींना पाणी दाखवायला गेली आणि बाहेर आली नाही. कोंडाजी वाटेपर्यंत पोचवायला आला, पण मैना त्याच्याशी बोलली नाही.

ओढा ओलांडून गाव दिसेनासं झालं तेव्हा मैना थांबली. मुलगी अजून मुसमुसत होती. मैनेनं बोट घालून कुंचीचा बंद सैल केला, आणि धाकलूला म्हणाली, "चला. का उबे राहिलात?"